‘कधीतरी’ घेणाऱ्याचे यकृत

पोट सुटणे हे आपल्याकडे सुखवस्तूपणाचे लक्षण मानले जाते. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत जावईबापूंचे पोट पुढे आले की सासूबाईंना समाधान वाटते. त्यामुळे ‘पोट वाढतंय’ अशी तक्रार घेऊन कोणी लवकर दवाखान्यात येत नाही. पण काही पोटे दारातून आत येतानाच डॉक्टरांच्या पोटात गोळा आणतात. गाल बसलेले, दंड वाळक्या काठीसारखे, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी छाती आणि पोट मात्र आठव्या महिन्याच्या गर्भारशीसारखे. बेंबी बाहेर आलेली, कातडी ताणून चकाकणारी, घोट्यावर बोट दाबले तर खड्डा पडावा अशी सूज. हे पोट चरबीचे नव्हे, पाण्याचे. जुन्या लोकांनी त्याला ‘जलोदर’ हे अगदी नेमके नाव दिले आहे. आमच्या सांगली भागात चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषाचे असे पोट दिसले की माझा पहिला संशय यकृतावर जातो आणि यकृतावर गेला की लगेच दारूवर.

मग ठरलेला प्रश्न मी विचारतो, ‘‘घेता का?’’

ठरलेले उत्तर येते, ‘‘तसं नाही, कधीतरी.’’

‘‘कधीतरी म्हणजे?’’ या दुसऱ्या प्रश्नाला रुग्ण छताच्या पंख्याकडे बघतो आणि बरोबर आलेली बायको फरशीकडे. रक्त द्यायला तो लॅबमध्ये गेला की बाई मागे रेंगाळते. पदर तोंडाशी धरून हळूच सांगते, ‘‘डॉक्टर, रोज दोन चपट्या हाईत. आट वर्सं झाली. मी सांगितलं म्हनू नका.’’ तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये थोड्याफार फरकाने हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकले आहे की, आता ‘कधीतरी’ हा शब्द केसपेपरवर लिहिण्याआधी मी थोडा वेळ थांबतो. यकृताच्या या आजारात सगळ्यात महत्त्वाची तपासणी कुठल्याही यंत्रात होत नाही. ‘किती आणि किती वर्षे’ याचे खरे उत्तर हीच ती तपासणी, आणि ती फुकट आहे.

हा आकडा का हवा, ते बघू. यकृताला दारूचे नाव, रंग, किंमत, देशी-विदेशी हा भेद काही कळत नाही. त्याला फक्त अल्कोहोलचे ग्रॅम कळतात. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या, ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या दारूच्या १८० मिलीलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी ऐकावे, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीलिटरच्या एका बाटलीत ते सुमारे ४० ग्रॅम भरते. निरोगी यकृत तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅम अल्कोहोलचा निकाल लावते. म्हणजे रात्री नऊला बसून दोन क्वार्टर संपवणाऱ्याचे यकृत दुसऱ्या दिवशी सकाळी, तो चहा पीत असतानाही, आदल्या रात्रीचेच काम उपसत असते. दुपार कलते न कलते तो पुन्हा नऊ वाजायची वेळ येते. या रगाड्यात त्याला सुट्टी अशी मिळतच नाही. बायकांच्या शरीरात तर याहून कमी दारूने आणि कमी वर्षांत हेच नुकसान होते. ‘मग किती घेतली तर चालेल?’ असे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सरळ सांगून टाकले आहे की, आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कुठलेही प्रमाण नाही. (आणि गंमत बघा, आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा जो परवाना मिळतो, तो कागदोपत्री ‘आरोग्य राखण्यासाठी’ असतो!)

यकृत हा उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला सुमारे दीड किलोचा अवयव. आतड्यातून आलेले सगळे अन्नरस आधी त्याच्याकडे जातात. रक्त गोठवणारी द्रव्ये तो बनवतो, रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारे अल्ब्युमिन तो बनवतो, शरीरातले विषारी पदार्थ तो निकामी करतो. इतका कामसू आणि तितकाच सोशिक. रोज भरपूर पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात पहिल्यांदा चरबी साठते. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून येते. दुखत काही नाही. या पायरीवर दारू पूर्ण बंद केली तर चार-सहा आठवड्यांत चरबी बरीचशी ओसरते. दुसरी पायरी म्हणजे यकृताला दाह होणे. त्यात कावीळ, ताप, अन्नावरची वासना जाणे असे होते. हा दाह कधीकधी इतका भडकतो की माणूस काही आठवड्यांत दगावतो. आणि तिसरी पायरी सिऱ्हॉसिस. जखम भरताना कातडीवर जसा कडक वण उरतो तसे वण यकृतभर पडत जातात आणि मऊ, गुळगुळीत यकृत टणक आणि गाठाळ होते. हे नाव लाएनेक या फ्रेंच डॉक्टरांनी १८१९ मध्ये दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पिवळट-तपकिरी रंग, कारण शवविच्छेदनात यकृत तसे दिसत असे. माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोपही याच गृहस्थांनी शोधला.

सगळ्यांनाच सिऱ्हॉसिस होत नाही हे खरे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्यांपैकी साधारण दहा ते वीस टक्क्यांना होतो. ‘आमचा आजा ऐंशी वर्षं प्याला, काय झालं न्हाई’ असे सांगणारे त्या उरलेल्यांतल्या आजोबांचे नातू असतात. पण नातू कुठल्या गटातला, हे सांगणारी तपासणी आमच्याकडे नाही. जोडीला मधुमेह, लठ्ठपणा किंवा बी अथवा सी प्रकारची कावीळ असली तर धोका आणखी वाढतो.

मधली वर्षे फसवी असतात. यकृताचा तीन-चतुर्थांश भाग बिघडला तरी उरलेला भाग काम ओढून नेतो. माणूस कारखान्यावर जातो, बागेत फवारणी करतो, गटारीला दोस्तांबरोबर बसतो. एलएफटी नावाची रक्ततपासणी या काळात जवळजवळ नॉर्मल येऊ शकते आणि तो कागद पाकिटात ठेवून ‘माझं लिव्हर ओके आहे’ असे सांगत फिरणारे मी पाहिले आहेत. अनुभवी डॉक्टर मात्र दुसऱ्या खुणा शोधतात. लाल झालेले तळहात, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या बारीक लाल शिरा, पुरुषाच्या छातीला बायकी फुगवटा, प्लेटलेट कमी होणे. यातले काही दिसले तर सोनोग्राफी आणि यकृताचा टणकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करून घ्यावी. या टप्प्यावर दारू थांबवणारा माणूस पुढे अनेक वर्षे बरा राहू शकतो.

न थांबणाऱ्याचे काय होते, ते द्राक्षबागायतदारांना मी ठिबकच्या भाषेत सांगतो. ठिबकचा फिल्टर चोंदला आणि मोटर चालूच राहिली तर काय होते? मागे दाब वाढतो आणि जिथे पाइप कमजोर असेल तिथे फुटतो. टणक यकृत म्हणजे चोंदलेला फिल्टर. आतड्याकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. पाणी पोटात झिरपते, तोच जलोदर. प्लीहा फुगते. आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या शिरा करंगळीएवढ्या फुगून एक दिवस फुटतात. रक्ताची उलटी होते, थोडीथोडकी नव्हे, तांब्याभर. कधी उलटी होत नाही, फक्त डांबरासारखी काळी, चिकट शौचास होते. असे झाले तर घरी बर्फ चघळायला देत बसू नये, गाडी काढून थेट मिरजेसारख्या ठिकाणी, जिथे दुर्बिणीतून शिरांना रबरी कडी घालण्याची सोय असेल तिथे न्यावे. या शिरा फुटण्याआधीच एंडोस्कोपीत दिसतात आणि दाब कमी करणाऱ्या गोळ्या किंवा कडी घालून रक्तस्राव टाळता येतो. म्हणून सिऱ्हॉसिसचे निदान झालेल्या माणसाने एंडोस्कोपीचे नाव काढल्यावर पळून जाऊ नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

दारू सोडून दोन महिने झालेला एक ट्रक ड्रायव्हर होता. घरचे सगळे खूश. एका रात्री तो उठला आणि देवघराच्या कोपऱ्यात लघवीला उभा राहिला. बायकोने हटकले तर तिलाच शिव्या. बोलणे जड, पाय लटपटत. थोरल्या मुलाने ओळखले, बाबा पुन्हा पिऊन आला. चिडून त्याने बापाला धरून बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत कोंडले आणि कडी लावली. सकाळी दार उघडले तेव्हा बाप हाकेला ओ देत नव्हता. माझ्याकडे आणला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, एक वेगळाच गोडसर, कुबट वास होता. त्याने दारूचा थेंबही घेतलेला नव्हता. चार दिवस शौचास झालेली नव्हती, एवढेच निमित्त.

टणक यकृताला रक्तातले अमोनियासारखे विषारी पदार्थ निकामी करता येत नाहीत. ते मेंदूत जातात आणि माणूस प्यायल्यासारखा वागू लागतो. सुरुवात बारीक असते. दिवसा झोप आणि रात्री टक्क जागरण, सहीचे अक्षर बदलणे, सदऱ्याची बटणे वर-खाली लागणे, हिशेबात चुका, विनाकारण राग. दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांगितले तर ते राहून राहून खाली पडतात, पाखराने पंख मारावेत तसे. बद्धकोष्ठ, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होणे, पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग, आतल्या आत रक्तस्राव किंवा कोणीतरी दिलेली झोपेची गोळी, यातले काहीही निमित्त पुरते. वेळेत उपचार झाले तर यातून माणूस पुष्कळदा पुरता शुद्धीवर येतो. तो ड्रायव्हरही आला. मुलगा आठ दिवस बापाच्या कॉटशेजारी बसून होता, पण दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

त्या मुलाला दोष देणे मला जमले नाही. बारा वर्षे ज्याने बापाच्या पावलांच्या आवाजावरून आज घरात काय होणार हे ओळखले, दुकानातून क्वार्टर आणि चकणा आणायला ज्याला दप्तर टाकून पळावे लागले, त्याने अंधारात दुसरे काय ओळखावे? म्हणून सिऱ्हॉसिसच्या प्रत्येक रुग्णाच्या घरी मी आता आवर्जून सांगतो की, सोडलेला माणूस अचानक प्यायल्यासारखा वागला तर आधी तोंडाचा वास घ्या, आणि वास असो वा नसो, दवाखान्यात आणा. यावर लॅक्टुलोज नावाचे पातळ, गोड औषध मिळते. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचास व्हावी एवढेच ते द्यायचे असते. ‘जुलाब होतात’ म्हणून घरचे ते बंद करतात आणि आठवड्याभरात रुग्ण पुन्हा भ्रमात जातो.

या आजारात बाईचे काय होते ते रिपोर्टात कुठेच लिहिलेले नसते. नवरा कामावरून बसला की ती दुसऱ्याच्या बागेत विरळणीला जाते. पोटातले पाणी काढायला दर पंधरा-वीस दिवसांनी नेणे, पाणी जास्त निघाले की लावायची अल्ब्युमिनची महागडी बाटली, त्यासाठी आधी डोरले आणि मग भावाचे उसने पैसे. शेजारी विचारतात तेव्हा ती ‘कावीळ झालीय’ म्हणते. पोरीच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून दारूचे नाव घराबाहेर जाऊ द्यायचे नसते. हे झाकणे समजण्यासारखे आहे, पण हेच झाकणे ती दवाखान्यातही करते आणि तिथे त्याची किंमत मोठी असते. नवऱ्याच्या पिण्याला आपण जबाबदार आहोत असे सासरच्यांनी तिच्या मनावर बिंबवलेले असते, ते वेगळेच. दारुड्याच्या नातेवाइकांसाठी अल-अनॉन नावाचे गट चालतात. स्वतः पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. तिथे गेल्याने माणूस वेडा ठरत नाही.

आता थोडे आपल्या घरगुती उपायांविषयी. कावीळ उतरवण्यासाठी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे झालेले दाखवतात. ते निरोगी माणसाच्या हातानेही होते, करून बघा. नाकात औषध टाकणे, डाग देणे हे तर जीवघेणे. उसाचा रस पाजून यकृत ‘थंड’ होत नाही, मधुमेह असेल तर साखर मात्र वाढते. लिव्हर टॉनिक घेत घेत पिणारे तर पुष्कळच. छत्री उघडून विहिरीत उडी मारण्याचा हा प्रकार आहे. आणि ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिराती! त्या वर्तमानपत्रांत छापल्या जातात (संपादक महाशय, गैरसमज नसावा), एसटी स्टँडच्या भिंतींवर रंगवल्या जातात. त्या पुडीत काय आहे ते कुठे लिहिलेले नसते. काही घरांत डायसल्फिरामची गोळी मिळवून भाजीत कालवून घालतात. ती पोटात असताना माणूस प्याला तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, प्रसंगी प्राण जातो. शिवाय ती गोळी खुद्द यकृतालाही अपाय करू शकते. नकळत द्यायचे हे औषधच नव्हे. बिघडलेल्या यकृतातही देता येतील अशी ओढ कमी करणारी औषधे आता आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला सांगून देतात.

‘आजपासून बंद’ म्हणून देवाची शपथ घालून एकदम बंद करायला लावणेही धोक्याचे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवले की पहिल्याच दिवशी हात थरथरतात, दुसऱ्या दिवसापर्यंत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भास, बडबड, अंगावर किडे चढल्यासारखे वाटणे सुरू होते. हे अंगात येणे नव्हे. पहिला आठवडा डॉक्टरांच्या नजरेखाली, शक्यतो भरती होऊन काढावा. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने त्यात फार महत्त्वाची असतात, आणि ती ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी हवीत.

खाण्याबद्दल घरोघर एकच चूक होते, डाळ बंद आणि मीठ चालू. आम्ही शिकत असताना पुस्तकांत सिऱ्हॉसिसच्या रुग्णाची प्रथिने तोडायला सांगत, तो विचार आता मागे पडला आहे. हा रुग्ण आधीच झिजलेला असतो. त्याला डाळ, मटकी, दूध, दही, अंडे नेहमीच्या माणसाहून थोडे जास्तच द्यावे. रात्री झोपताना केळे, दूध किंवा एखादा लाडू द्यावा, म्हणजे रात्रभराच्या उपासात स्नायू झिजत नाहीत. पोटात पाणी असेल तर दिवसभराचे मीठ मिळून एक सपाट चहाचा चमचा, बस्स. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे आणि आपले सांगलीचे भडंगसुद्धा त्यातच धरायचे. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत, मूत्रपिंडे बसतात आणि रक्तस्राव होतो. अगदीच लागली तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, कारण या यकृतात कर्करोगाची गाठ होण्याची शक्यता राहते.

शेवटी लोक विचारतात, ‘‘लिव्हर बदलता येत नाही का?’’ येते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळचे नातेवाईक यकृताचा भाग देऊ शकतात, आणि देणाऱ्याचे यकृत काही महिन्यांत पुन्हा जवळजवळ पूर्वीएवढे होते. मात्र शस्त्रक्रिया मोठी, देणाऱ्यालाही थोडा धोका असतोच, खर्च लाखांत आणि पुणे-मुंबईच्या खेपा. बहुतेक केंद्रे आधी काही महिने दारू पूर्ण बंद असल्याची खात्री करून घेतात. त्या काही महिन्यांत कित्येकांचे पोटातले पाणी आपसूक ओसरते, भूक येते, अंग धरते आणि प्रत्यारोपणाचा विषय पुढे ढकलला जातो. सिऱ्हॉसिस झाल्यावरही थांबण्याचा एवढा उपयोग असतो, आणि ‘आता काय सोडून उपयोग’ म्हणणाऱ्या रुग्णाला मी वहीतले असे दोन-चार जण, नावे झाकून, दाखवतो.

तेव्हा ज्यांच्या घरी ‘कधीतरी’ आहे त्यांनी कावीळ व्हायची वाट बघू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि एलएफटी, प्लेटलेटसह रक्ताची तपासणी, बी आणि सी काविळीची तपासणी व सोनोग्राफी एवढ्यापासून सुरुवात करावी. बाईंनी बरोबर जावे आणि डॉक्टरांशी दोन मिनिटे वेगळे बोलायला मागावे, ते बोलणे नवऱ्याच्या कानावर जात नाही. जाताना घरात चालू असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत, लिव्हर टॉनिकची बाटली आणि भिंतीवरची जाहिरात वाचून आणलेली पुडीसुद्धा.